दिलेली भूमी आणि घेतलेले व्रत

(सेवाकार्यातील विश्वस्त, कार्यकर्ते आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यापुढे केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज ज्या घटनेच्या निमित्ताने मी आपल्यापुढे उभा आहे, ती घटना आपल्या देशातील नाही. २०२३ सालच्या मे महिन्यात ब्रिटनमधील ‘गर्लगायडिंग’ या मुलींच्या संघटनेने आपली पाच प्रशिक्षण व शिबिर केंद्रे बंद करून विकण्याचा निर्णय जाहीर केला. त्या वर्षाअखेर ती बंद करण्याचे ठरले. आपल्या शाळांतून ज्यांना आपण ‘गाइड’ म्हणतो, त्या चळवळीची ही मूळ संघटना. संघटनेच्या मालकीची केंद्रे पाच, आणि विक्रीला निघाली तीही पाच. एकही मागे ठेवले नाही.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, की परक्या देशातील परक्या संघटनेने आपली मालमत्ता विकली, त्याचे आपल्याला काय? मीही प्रथम ही बातमी अशीच वाचून बाजूला ठेवली असती. पण या सभागृहात बसलेल्यांपैकी कित्येक जण कोणत्या ना कोणत्या संस्थेचे विश्वस्त आहेत. कोणाच्या संस्थेकडे दात्याने दिलेली पाच एकर जमीन आहे, कोणाकडे डोंगराच्या पायथ्याशी उभारलेले शिबिरस्थळ आहे, कोणाकडे जुने वसतिगृह आहे. त्या वास्तूंच्या किल्ल्या आपल्या हाती आहेत. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे. समाजाने एका कार्यासाठी दिलेली भूमी त्या कार्याच्या हातून का निसटते, याचा विचार आज आपण करू.

शंभर वर्षांचा वारसा

या पाच केंद्रांची ओळख प्रथम करून घेतली पाहिजे. दक्षिण इंग्लंडमध्ये हँपशायर परगण्यात ‘न्यू फॉरेस्ट’ नावाचे विस्तीर्ण जुने अरण्य आहे. तेथे लिंडहर्स्ट गावाजवळ ‘फॉक्सलीज’ ही वास्तू आहे. १९२२ साली एका अमेरिकन महिलेने ती गाइड संघटनेला देऊ केली. त्याच वर्षी ब्रिटिश राजकन्या मेरी हिचा विवाह झाला. साम्राज्यातील मेरी नावाच्या स्त्रियांनी विवाहभेट म्हणून जो निधी जमवला होता, त्यातील मोठा भाग राजकन्येने या वास्तूच्या व्यवस्थेसाठी दिला. १९२४ साली जगातील गाइड मुलींचे पहिले जागतिक शिबिर येथेच भरले.

दुसरे केंद्र लँकशायरमधील क्लिथरो गावाजवळ, रिबल नदीच्या काठी असलेले ‘वॉडो हॉल’. ते १९२८ साली संघटनेने विकत घेतले. तिसरे ‘ब्लॅकलँड फार्म’ ससेक्समध्ये ईस्ट ग्रिनस्टेडजवळ. चौथे ‘ग्लेनब्रुक’ डर्बीशायरच्या डोंगराळ भागात, बँफर्ड गावी. आणि पाचवे ‘अनिसगेन’ हे वेल्समध्ये क्रिकिएथजवळ अगदी समुद्रकिनाऱ्यावर. लंडनच्या किंवा मँचेस्टरच्या गर्दीत वाढणाऱ्या मुलीने घर सोडून येथे यावे, तंबू उभारावा, चूल पेटवावी, पावसात भिजावे, रात्री काळोखात आकाश पाहावे आणि चार दिवसांनी थोडी अधिक धीट होऊन परत जावे, यासाठी ही स्थळे होती. ती गावापासून दूर असणे हा त्यांचा दोष नव्हता. दूर असणे हेच त्यांचे प्रयोजन होते.

या चळवळीचा आपल्या महाराष्ट्राशीही एक धागा आहे. जागतिक गाइड संघटनेने जगात जी मोजकी केंद्रे उभारली, त्यांपैकी ‘संगम’ हे केंद्र पुण्यात आळंदी रस्त्यावर आहे. १६ ऑक्टोबर १९६६ रोजी लेडी ओलेव्ह बेडन-पॉवेल यांच्या उपस्थितीत त्याचे उद्घाटन झाले. पुणेकरांना ते नाव अपरिचित नाही.

हेही विसरता येणार नाही, की या चळवळीचा आणि आपला संबंध सरळ नव्हता. स्काउट चळवळ हिंदुस्थानात आली तेव्हा प्रारंभी ती इंग्रज व अँग्लो-इंडियन मुलांपुरती होती. हिंदी मुलांना तिचे दार बंद होते. त्या अपमानाला उत्तर म्हणून पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी १९१८ साली सेवा समितीची स्वतंत्र बालचर संघटना उभी केली. दार ठोठावत बसण्यापेक्षा आपले घर बांधावे, ही त्यामागची वृत्ती. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही एकत्रित संघटना अस्तित्वात आली. ज्यांनी एके काळी आपल्या मुलांना दाराबाहेर ठेवले, त्यांच्या संघटनेची केंद्रे विकली गेली म्हणून आनंद मानावा, असा क्षुद्र विचार आपण करणार नाही. दुसऱ्याच्या घराला तडा गेला, की शहाणा मनुष्य प्रथम स्वतःच्या भिंती तपासतो.

विश्वस्तांची बाजू

निर्णय घेणाऱ्यांची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. संघटनेच्या विश्वस्तांनी जी कारणे दिली, ती हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. एकूण सदस्यांपैकी सुमारे दहा टक्केच सदस्य वर्षभरात या केंद्रांवर जात होते. जुन्या वास्तूंची देखभाल वर्षागणिक महाग होत होती. कोरोनाच्या काळाने आणि त्यापाठोपाठ आलेल्या महागाईने केंद्रांचे अर्थकारण आणखी बिघडले होते. अशा स्थितीत जी केंद्रे बहुसंख्य मुली कधी पाहतही नाहीत, त्यांच्यावर सर्वांच्या वर्गणीतील पैसा खर्च करावा की तो पैसा गावोगावच्या पथकांवर खर्च करावा, असा हा प्रश्न होता. विश्वस्ताच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला तो टाळता येत नाही.

त्याला विरोधही मोठा झाला. आजी-माजी गाइड आणि त्यांच्या मार्गदर्शिका यांनी सह्यांची मोहीम हाती घेतली आणि केंद्रे वाचवण्यासाठी धावाधाव केली. त्यांच्या म्हणण्याचा आशयही समजून घेण्यासारखा आहे. जी मुलगी वर्षभरात केंद्रावर गेली नाही, ती पुढच्या वर्षी जाईल. दहा वर्षांच्या गाइड-जीवनात एकदा गेली, तरी ते चार दिवस ती जन्मभर विसरणार नाही. अशा गोष्टीचे मोल एका वर्षाच्या टक्केवारीत कसे मोजणार? ज्या घरी मोटार आहे, पैसा आहे, ते घर आपल्या मुलीला कोणत्याही खासगी केंद्रात पाठवील. ज्या घरी तो नाही, त्या घरच्या मुलीसाठी संघटनेचे स्वस्त केंद्र हाच एक डोंगर आणि हाच एक समुद्र होता.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. म्हणूनच २०२३ सालच्या बैठकीत हात वर करणाऱ्या विश्वस्तांना दोषी ठरवून मी मोकळा होणार नाही. घर पडायला आले की कोणी तरी ते पडत असल्याचे सांगावेच लागते. पण घर एका दिवसात पडायला येत नाही. दहा टक्क्यांचा आकडा काही त्या वर्षी आकाशातून पडला नव्हता. ज्या वर्षी पथके केंद्रावर जाण्याऐवजी गावातल्या सभागृहातच जमू लागली, ज्या वर्षी एका मार्गदर्शिकेने ‘यंदा जमणार नाही’ असे म्हटले आणि तिच्या जागी दुसरी उभी राहिली नाही, ज्या वर्षी छताची दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलली गेली, त्या प्रत्येक वर्षी केंद्राचा थोडा थोडा भाग हातातून जात होता. विक्रीच्या कागदावर सही तेवढी शेवटी झाली.

काळाचा व्यापक ओघ

ही एका संघटनेची कथा नाही. इंग्लंड आणि वेल्समधील युवा वसतिगृह संघटना १९३० साली स्थापन झाली. सामान्य कामगाराच्या मुलाला डोंगरदऱ्यांत एक रात्र स्वस्तात काढता यावी, हा तिचा हेतू. त्या संघटनेनेही २०२३ साली आपली वीस वसतिगृहे विक्रीस काढली. कोरोनाच्या काळात तर इंग्लंडमधील शाळांच्या मुक्कामी सहली वर्षभराहून अधिक काळ बंद राहिल्या. ज्या केंद्राचे सारे उत्पन्न मुलांच्या मुक्कामावर चालते, त्या केंद्राने तो काळ कसा काढला असेल, याची कल्पना करा.

आणि तरीही अशा केंद्रांची आवश्यकता का वाटली होती, हे १९४१ सालच्या एका उदाहरणावरून कळते. नाझी जर्मनीतून परागंदा झालेले शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि जहाजकंपनीचे लॉरेन्स होल्ट या दोघांनी वेल्समधील अॅबरडोव्ही येथे ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा काढली. युद्ध चालू होते आणि पाणबुड्यांच्या हल्ल्यांत व्यापारी जहाजे बुडत होती. जीवनौकेत चढलेल्या खलाशांपैकी धडधाकट तरुण आधी दम सोडतात आणि वयाने मोठे, अनुभवी खलाशी टिकून राहतात, असे होल्ट यांचे निरीक्षण होते. तरुणांच्या शरीरात बळ होते, पण संकटात मन स्थिर ठेवण्याची सवय नव्हती. ती सवय वर्गात बसून लागत नाही. ती वाऱ्यात, पाण्यात, चढणीवर आणि दुसऱ्याचा हात धरून लागते. म्हणून ती शाळा.

या क्षेत्रात बेपर्वाईला जागा नाही, हेही इंग्लंडने मोठी किंमत देऊन शिकले. २२ मार्च १९९३ रोजी लाइम उपसागरात छोट्या होड्यांतून नेलेल्या शालेय मुलांपैकी चौघांचा मृत्यू झाला. केंद्रचालकाला तुरुंगवास झाला. त्या दुर्घटनेनंतर १९९५ साली तेथे मुलांच्या साहस-केंद्रांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला आणि परवान्याची पद्धत आली. परवाना, प्रशिक्षित मार्गदर्शक, तपासणी, विमा या सर्वांमुळे खर्च वाढतो, हे खरे. पण तो खर्च नको म्हणणारी संस्था मुलांच्या जिवावर बचत करते. आपल्याकडेही २०२१ साली महाराष्ट्र शासनाने साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. सह्याद्रीत मुलांना घेऊन जाणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने नियमांना अडथळा न मानता पालकांना दिलेल्या वचनाचा भाग मानले पाहिजे.

आपली परंपरा काय सांगते?

आता आपल्याकडे वळू. डॉ. हेडगेवारांनी १९२५ साली नागपुरात कार्य आरंभले, तेव्हा त्यांच्यापाशी इमारत नव्हती. मोहिते वाड्याचे पडके आवार मुलांनीच साफ केले आणि तेथे शाखा लागू लागली. १९२७ साली पहिला उन्हाळी वर्ग झाला. वंदनीय लक्ष्मीबाई केळकर यांनी १९३६ साली वर्ध्याला राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली, तेव्हाही पटांगण आणि चार घरची मुली एवढीच सामग्री होती. या इतिहासावरून काही जण असे अनुमान काढतात, की कार्याला वास्तूची गरजच नसते. पटांगण मिळाले की पुरे, इमारती म्हणजे ओझे.

माझ्या मते हे अनुमान अर्धेच खरे आहे. कार्य वास्तूवाचून सुरू होते. पण पुढच्या पिढीला ते सोपवताना जागा लागते. शहरात मोकळे मैदान उरलेले नाही. जेथे पूर्वी सायंकाळी मुले खेळत, तेथे आज वाहने उभी असतात. अशा काळात शहराबाहेर संस्थेची स्वतःची चार एकर जागा असणे हे मोठे बळ आहे. एकदा गेलेली जागा, आज ज्या भावाला जमिनी विकल्या जातात, त्या भावाला कोणतीही सेवासंस्था परत घेऊ शकणार नाही.

मग वास्तू आणि कार्य यांचा मेळ कसा घालावा? त्यासाठी माननीय एकनाथजी रानडे यांचे उदाहरण आपल्यापुढे आहे. कन्याकुमारीच्या विवेकानंद शिलास्मारकासाठी त्यांनी मोठ्या देणग्या घेतल्याच, परंतु सामान्य माणसाकडून एकेक रुपयाही गोळा केला. रुपया देणारा मनुष्य त्या स्मारकाचा भागीदार झाला. २ सप्टेंबर १९७० रोजी स्मारकाचे उद्घाटन झाले. एखादा दुसरा कार्यकर्ता असता, तर त्याने तेथे थांबून कृतार्थता मानली असती. एकनाथजी थांबले नाहीत. ७ जानेवारी १९७२ रोजी त्यांनी विवेकानंद केंद्राची स्थापना केली आणि जीवनव्रती कार्यकर्त्यांची योजना पुढे आणली. शिलेला माणसांची जोड मिळाली नाही, तर ती केवळ पाहण्याची जागा होईल, हे त्यांनी ओळखले होते.

दुसरे उदाहरण आपल्या अमरावतीचे. १९१४ साली स्थापन झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने आपले खेळ जगाला दाखवले. शंभर वर्षे उलटली तरी मंडळ उभे आहे, याचे कारण तेथे रोज घाम गाळला जातो. आणि तिसरे उदाहरण त्याहून जुने, समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींचे. मसूर, शहापूर, चाफळ अशा गावांतील या मंदिरांना आज साडेतीनशेहून अधिक वर्षे झाली. राज्ये आली आणि गेली, पण मारुती हलला नाही. कारण प्रत्येक गावाने त्याला आपला मानले, सकाळी कोणी तरी जाऊन शेंदूर-तेल वाहिले, जयंतीला गाव जमले. रोजचा वापर आणि आपलेपणा या दोन गोष्टी कोणत्याही कुलूप-किल्लीपेक्षा वास्तूचे अधिक रक्षण करतात.

कायद्याचे कवच आणि त्याची मर्यादा

विश्वस्तबंधूंसाठी थोडे कायद्याविषयी बोलतो. इंग्लंडमध्ये धर्मादाय संस्थेला आपली जमीन विकायची असेल, तर साधारणपणे विश्वस्तांनी तज्ज्ञ सल्लागाराचा लेखी अहवाल घ्यावा, योग्य किमतीची खात्री करावी आणि निर्णय घ्यावा, अशी रचना आहे. प्रत्येक विक्रीसाठी तेथील धर्मादाय आयोगाची पूर्वपरवानगी लागत नाही. भरवसा विश्वस्तांच्या विवेकावर आहे.

आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० हा कायदा आहे. त्याच्या कलम ३६ प्रमाणे सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय विकता येत नाही, दान देता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक आणि इमारत वा बिगरशेती जमीन तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची, तरीही मंजुरी लागते. हे कवच भक्कम आहे, आणि ज्यांनी ते केले त्यांची दृष्टी दूरची होती.

परंतु कायदा विक्री रोखू शकतो, ओसाडी रोखू शकत नाही. न वापरलेल्या शिबिरस्थळाच्या भिंतीतून पिंपळ उगवतो. त्याला आयुक्तांची मंजुरी लागत नाही. कुंपण पडले की शेजारचा दोन फूट आत येतो. दहा वर्षांनी मोजणी करायला गेलो, की भांडण न्यायालयात जाते. विश्वस्त म्हातारे होतात, बदल अर्ज दाखल होत नाहीत, दानपत्राची मूळ प्रत कोणाच्या तरी घरच्या कपाटात राहते. आणि मग एका बैठकीत कोणी तरी म्हणते, ‘ही जागा आपल्याला झेपत नाही.’ तो मनुष्य खोटे बोलत नसतो. पण इथवर येईपर्यंत आपण काय करत होतो?

घराघरांतला प्रश्न

आता जे विश्वस्त नाहीत, त्यांच्याशी, विशेषतः येथे आलेल्या माता-पित्यांशी बोलायचे आहे. केंद्र रिकामे का पडते, याचे उत्तर शेवटी आपल्या घरात आहे. दहावीचे वर्ष आहे म्हणून शिबिर नको. दहावी नसेल, तर पुढच्या वर्षी दहावी आहे म्हणून नको. तेथे सर्वांसाठी एकच स्वच्छतागृह आहे म्हणून नको. भ्रमणध्वनी लागत नाही म्हणून नको. मुलीला तर त्याहून सहज नको. काळजी स्वाभाविक आहे, तिची थट्टा मला करायची नाही. पण ज्या घरात मुलगा सोळा वर्षांचा होईपर्यंत एकही रात्र आईवडिलांशिवाय, अंथरूण स्वतः घालून, भांडे स्वतः घासून राहिलेला नसतो, त्या घराला पुढे एकदम तो परगावी शिकायला पाठवायचा असतो.

गंमत अशी, की डोंगराची ओढ आपल्या समाजात कमी झालेली नाही. उलट वाढली आहे. सुट्टीच्या दिवशी राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई या वाटांवर माणसांची रीघ लागते. १९५४ साली मुंबईत ‘गिरिविहार’ स्थापन झाली आणि पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ने २०१२ साली एव्हरेस्टवर आपल्या गिर्यारोहकांची तुकडी पोहोचवली, हे तर अभिमानाचेच. पण पैसे देऊन एका दिवसाची सहल करणे निराळे आणि चार दिवस एकत्र राहून, वाढपी होऊन, झाडू मारून, रात्रीच्या पहाऱ्याला जागून एका गटाचा भाग होणे निराळे. पहिल्यात आपण ग्राहक असतो. दुसऱ्यात आपण त्या जागेचे घटक होतो. इंग्लंडमधील केंद्रांच्या जागी उद्या खासगी व्यवसाय आले, तर तेथेही मुले दोरावरून लोंबकळतील, होडी वल्हवतील. मात्र तेथील ताट ती स्वतः घासणार नाहीत आणि ते केंद्र कोणाचे, हा प्रश्नही त्यांना पडणार नाही.

काय करता येईल?

केवळ खेद करून उठावे, यासाठी आपण जमलो नाही. चार साध्या गोष्टी मी सुचवतो.

पहिली गोष्ट. प्रत्येक संस्थेने आपल्या शिबिरस्थळाची दिनदर्शिका काढावी आणि गेल्या वर्षी किती रात्री तेथे दिवा लागला, हे लिहून काढावे. आकडा लहान निघाला तर लाज वाटू देऊ नये, पण तो विश्वस्तांच्या प्रत्येक बैठकीत वाचला जावा. ज्या आकड्याकडे आपण दहा वर्षे पाहत नाही, तो अकराव्या वर्षी आपल्यावर निर्णय लादतो.

दुसरी गोष्ट. नवी वास्तू बांधण्यापूर्वी जुन्या वास्तूचा दुरुस्ती-निधी उभा करावा. आपल्याकडे भूमिपूजनाला दाते मिळतात, कोनशिलेवर नाव कोरले जाते. छपराच्या पत्र्यावर मात्र कोणाचे नाव कोरत नाहीत, म्हणून त्यासाठी देणगी मिळत नाही. ज्या कुटुंबांना शक्य आहे, त्यांनी घरातील मंगलप्रसंगी या निधीला आठवणीने हातभार लावावा. एक रुपया देणाराही भागीदार होतो, हे एकनाथजींनी दाखवून दिले आहे.

तिसरी गोष्ट. एका संस्थेला जागा झेपत नसेल, तर ती शेजारच्या समविचारी संस्थेबरोबर वाटून वापरावी. शाळा, महाविद्यालये, महिला मंडळे, ज्येष्ठ नागरिकांचे संघ, वनवासी क्षेत्रात काम करणारे कार्यकर्ते या सर्वांना ती खुली करावी. आठवडी दिवशी मुलांना शाळा असते, तेव्हा निवृत्तांचे वर्ग तेथे का होऊ नयेत? मालकीचा अभिमान बाळगून जागा रिकामी ठेवण्यापेक्षा वापराचा अभिमान बाळगावा. त्याबरोबरच दानपत्र, सातबारा, मिळकत पत्रिका, मोजणीचा नकाशा आणि विश्वस्तबदलाची कागदपत्रे एका ठिकाणी, दोन प्रतींत आणि तरुण विश्वस्ताच्याही माहितीत असावीत.

चौथी गोष्ट पालकांसाठी. वर्षातून एकदा, सलग तीन रात्री, आपल्या मुलाला आणि मुलीला आपल्या संस्थेच्या शिबिरात पाठवा. सुरक्षिततेविषयी आयोजकांना सगळे प्रश्न विचारा. मार्गदर्शक प्रशिक्षित आहेत का, मुलींच्या गटाबरोबर भगिनी कार्यकर्त्या आहेत का, प्रथमोपचाराची व्यवस्था काय, जवळचे रुग्णालय किती दूर, हे सर्व विचारण्याचा आपला अधिकार आहे. समाधान झाले की मात्र पाठवा. आणि कधी तरी स्वतःही एक दिवस जाऊन तेथील विहिरीचा गाळ काढा.

आणि समजा, हे सर्व करूनही एखादी जागा खरोखरच सोडावी लागली, तर? असे होऊ शकते. वस्ती बदलते, रस्ते बदलतात, धरणाखाली गावे जातात. तेव्हाही तीन पथ्ये पाळावीत. ज्यांनी ती जागा वापरली त्यांना निर्णयापूर्वी विचारावे, निर्णयानंतर नव्हे. शक्य असेल तर ती जागा त्याच उद्देशाने काम करणाऱ्या दुसऱ्या संस्थेच्या हाती जावी. आणि विक्रीतून आलेली रक्कम दैनंदिन खर्चात विरघळू न देता त्याच उद्देशाच्या दुसऱ्या जागेसाठी बांधून ठेवावी. दात्याने दगड-माती दिलेली नसते. तिच्यावर मुले घडावीत, ही इच्छा त्याने दिलेली असते. दगड-माती बदलली तरी चालेल, ती इच्छा मोडू नये.

बंधू-भगिनींनो, फॉक्सलीजची वास्तू जिने देऊ केली, ती महिला १९२२ साली असे समजली असेल, की तिने मुलींच्या कित्येक पिढ्यांची सोय केली. तिचे दान शंभर वर्षे टिकले. ही काही लहान गोष्ट नाही. पण दान टिकवणे हे दात्याच्या हाती नसते, ते घेणाऱ्याच्या हाती असते. आपल्या संस्थांना ज्यांनी भूमी दिली, त्यांच्यापैकी बहुतेक आज हयात नाहीत. ते येऊन आपल्याला विचारणार नाहीत. विचारतील ती आज आठ-दहा वर्षांची असलेली मुले, आणि तीही आणखी वीस वर्षांनी. त्या वेळी उत्तर देण्याची तयारी आतापासून करावी लागेल. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या शिबिरस्थळी किती रात्री दिवा लागणार, हे आज घरी जाण्यापूर्वी आपापसांत बोलून ठरवावे, एवढी विनंती करतो आणि थांबतो.

भारत माता की जय.